परवाना एकाचा, वेस दुसऱ्याची

गेल्या वैशाखात साताऱ्यास एका निवृत्त शिक्षकांच्या घरी मी गेलो तेव्हा, ज्या ओसरीवर एरवी पंचांग, वर्तमानपत्र आणि सुपारीचे तबक यांखेरीज काही नसते, त्या ओसरीवर दोन पारपत्रे, विमानाची तिकिटे, बँकेची पासबुके आणि युट्रेख्तच्या नगरपालिकेने साक्षांकित केलेले एक हमीपत्र असा सगळा सरंजाम सतरंजीवर मांडून गुरुजी आणि बाई त्याच्याकडे चिंतातुर मुद्रेने पाहत बसले होते. मुलगी आणि जावई हॉलंडात नोकरीला. तिथे नुकतीच नात झालेली. तिला पाहायला जायचे म्हणून डच सरकारकडे रीतसर अर्ज केला आणि व्हिसा मिळाला. तिकीट मात्र काढले ते मुंबई ते फ्रँकफुर्ट असे, कारण ते स्वस्त होते आणि फ्रँकफुर्टच्या विमानतळाखालूनच युट्रेख्तला जाणारी थेट रेल्वेगाडी मिळते असे जावयाने कळविले होते. येथवर सारे यथास्थित होते. त्या सकाळी मात्र गावातील एका प्रवासी एजंटाने तिकिटे पाहून मान हलविली आणि सांगितले, "काका, ज्या देशाचा व्हिसा त्याच देशात पहिलं पाऊल टाकावं लागतं. जर्मनीतून तुम्हाला आल्या विमानानं परत पाठवतील." तिकिटे बदलून ॲम्स्टरडॅमची करावयाची तर दोघांचे मिळून चाळीस हजारांहून अधिक रुपये भरावे लागणार होते.

"मला एवढंच सांगा," गुरुजी म्हणाले, "जेवायचं आमंत्रण एकाचं आणि चपला काढायच्या दुसऱ्याच्या दारात, हे त्यांच्याकडे चालतं का?"

चाळीस वर्षे मुलांना नागरिकशास्त्र शिकविलेल्या माणसाला आपल्या म्हातारपणच्या पहिल्याच परदेशगमनाच्या वेळी अशा प्रश्नाने जीव टांगणीला लागावा, आणि त्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या स्वतःच्या पारपत्रावर छापलेले असूनही ते त्याला कोणी वाचून दाखवू नये, ही गोष्ट मला लागून राहिली. या लेखाचा उगम त्या ओसरीवर आहे. पुढे काही महिने मी मुंबई-पुण्याच्या एजंटांच्या कचेऱ्यांत बसलो, जाऊन आलेल्या आणि जाता जाता अडविल्या गेलेल्या माणसांना भेटलो, आणि ज्या कायद्याच्या नावाने हे सारे चालते तो कायदा कलमवार वाचला.

आरंभ व्हिसाच्या त्या चिकटपट्टीपासूनच केला पाहिजे. पारपत्राच्या एका पानावर डकविलेला तो हिरवट छटेचा कागद, त्यावर धारकाचे छायाचित्र, प्रकाशात कलता केला की रंग पालटणारी सुरक्षेची खूण, आणि खाली यंत्राने वाचावयाच्या दोन ओळी. बाईंच्या पारपत्रातील तो कागद मी ओसरीच्या उजेडाकडे धरला. वरच्याच ओळीत डच भाषेत लिहिले होते, 'गेल्डिख फोर' आणि त्यापुढे 'स्खेंगेनस्टाटेन'. म्हणजे 'ग्राह्य कोठे, तर शेंगेन राष्ट्रांत'. हाच कागद जर्मनांनी दिला असता तर त्यावर हीच गोष्ट जर्मनमध्ये असती, फ्रेंचांनी दिला असता तर फ्रेंचमध्ये. हॉलंडचे नाव त्या ओळीत नव्हते. ते असते कोठे, तर तो कोणी दिला, कोठे दिला, या तपशिलात. आणि देणाऱ्याचे नाव निराळे व ग्राह्यतेची हद्द निराळी, या एका भेदात या प्रकरणाची निम्मी गुंतागुंत सुटते. त्याखाली मुदतीच्या दोन तारखा, प्रवेश किती वेळा करता येईल तो आकडा, आणि मुक्कामाचे दिवस. दार कोणते, याचा रकानाच त्या कागदावर नाही. आपल्याकडे मालमत्तेच्या दस्तऐवजात चतुःसीमा ज्या काळजीने वाचतात, त्या काळजीने हा वीतभर कागद वाचावा असे कोणी प्रवाशाला सांगत नाही, याचे मला खरोखर दुःख वाटते.

शेंगेन हे नाव ज्या गावाचे, ते लुक्झेंबर्गच्या दक्षिण टोकाला मोझेल नदीच्या काठी वसलेले, द्राक्षमळ्यांनी वेढलेले एक खेडे आहे. नदीपलीकडे जर्मनी, दक्षिणेला हाकेच्या अंतरावर फ्रान्स. आणि नदीचे तेथले पात्र तर असे की त्याची मधोमध वाटणी केलेलीच नाही, ते लुक्झेंबर्ग व जर्मनी या दोघांच्या सामाईक मालकीचे आहे. त्याच पात्रात नांगरलेल्या 'प्रिन्सेस मारी-आस्ट्रिड' या नौकेवर १४ जून १९८५ रोजी बेल्जियम, हॉलंड, लुक्झेंबर्ग, फ्रान्स आणि तत्कालीन पश्चिम जर्मनी या पाच राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी आपसांतील सीमांवरील तपासणी क्रमाक्रमाने उठविण्याच्या करारावर सह्या केल्या. त्याच्या आदल्या वर्षी सीमेवरच्या नाक्यांत दिवसचे दिवस खोळंबणाऱ्या मालमोटारचालकांनी रस्ते अडवून धरले होते, आणि त्या उद्रेकानंतर जर्मनी व फ्रान्स यांनी जुलै १९८४ मध्ये सारब्रुकेन येथे आपापसांत पहिला समझोता केला होता. म्हणजे या मोठ्या विचाराची पहिली मागणी तत्त्वज्ञांनी नव्हे, तर नाक्यावर ताटकळलेल्या गाडीवानांनी केली. प्रत्यक्ष अंमल सुरू व्हायला २६ मार्च १९९५ उजाडला. तेव्हा स्पेन व पोर्तुगाल धरून सात देश होते. पुढे नॉर्वे-आइसलंड आले, पूर्वेकडचे देश आले, २००८ च्या डिसेंबरात युरोपीय संघाचा सभासद नसलेले स्वित्झर्लंड आले, २०२३ च्या आरंभी क्रोएशिया आले, आणि १ जानेवारी २०२५ पासून रुमानिया व बल्गेरिया यांच्या जमिनीवरील नाक्यांचीही तपासणी उठल्यावर ही संख्या एकोणतीस झाली.

आतील कुंपणे काढली म्हणजे बाहेरचे कुंपण सामाईक होते, आणि बाहेरचे कुंपण सामाईक झाले म्हणजे त्याच्या कोणत्याही वेशीवरचा पहारेकरी सर्वांच्या वतीने उभा असतो. गुरुजींच्या भाषेत सांगावयाचे तर एकोणतीस भावांचा हा वाडा आहे. आमंत्रण धाकट्याने दिले असले तरी दिंडी दरवाजावर थोरला उभा असेल तर त्याने पाहुण्याला आत घ्यावयाचे, मात्र पाहुणा खरोखर धाकट्याकडेच निघाला आहे ना, एवढे विचारण्याचा अधिकार त्याने राखून ठेवलेला आहे.

या अधिकाराचे स्वरूप ज्या संहितेत सांगितले आहे ती युरोपीय व्हिसा संहिता, क्रमांक ८१० सन २००९, ही ५ एप्रिल २०१० पासून लागू झाली. तिच्या पाचव्या कलमात अर्ज कोणाकडे करावा याचा उलगडा आहे. एकाच देशात जावयाचे असेल तर त्या देशाकडे; अनेक देशांत जावयाचे असेल तर प्रवासाचे जे मुख्य स्थान, मग ते मुक्कामाच्या दिवसांनी मुख्य असो की प्रयोजनाने, त्या देशाकडे; आणि असे मुख्य स्थान ठरविताच येत नसेल, म्हणजे येथे तीन दिवस, तेथे तीन दिवस, सगळीकडे सारखीच हौस, असे असेल तरच, ज्या देशाच्या बाह्य सीमेतून प्रथम प्रवेश करावयाचा त्या देशाकडे. साताऱ्याच्या एजंटाने जे सांगितले त्याचे मूळ या तिसऱ्या तरतुदीत आहे. अन्य उपाय खुंटला म्हणजे वापरावयाचा हा नियम लोकांच्या तोंडी फिरत फिरत पहिला आणि एकमेव नियम होऊन बसला. आणि त्यातही तो अर्ज कोठे करावा यासंबंधीचा होता, उतरावे कोठे यासंबंधीचा नव्हता, ही गोष्ट तर पार विसरली गेली.

एजंटांना केवळ अज्ञानी ठरवून मोकळे होणे मात्र न्याय्य होणार नाही, कारण जगात असे परवाने आहेत की ज्यांना त्यांचे म्हणणे अक्षरशः लागू पडते. केनिया, युगांडा आणि रुआंडा या तीन देशांनी २०१४ पासून पूर्व आफ्रिकेचा एक सामाईक पर्यटक व्हिसा चालविला आहे, शुल्क शंभर डॉलर, मुदत नव्वद दिवस. त्याची अटच अशी की ज्या देशाने तो दिला त्याच देशातून पहिला प्रवेश झाला पाहिजे. ब्रिटन व आयर्लंड यांनीही भारतीयांसाठी २०१५ पासून परस्परांचे काही व्हिसे मान्य करण्याची योजना केली. तेथेही ज्याचा व्हिसा त्याच्या भूमीवर आधी उतरावे लागते, मग दुसरीकडे जाता येते. मसाईमाराच्या सहलीवर माणसे पाठविणाऱ्या दादरच्या एका वयस्क एजंटाने मला हा भेद फार चांगला समजावून दिला. ते म्हणाले, "आफ्रिकेचा नियम युरोपला लावला तर गिऱ्हाइकाचे पैसे जातात, आणि युरोपचा आफ्रिकेला लावला तर गिऱ्हाइकाची सहल जाते. दोन्हीकडे मार आम्हालाच."

कोणाचा परवाना कोणाच्या हद्दीत मानावयाचा, हा तंटा आपल्या किनाऱ्याला नवा नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी समुद्रावर कार्ताझ नावाचा परवाना बसविला. तो जवळ नसलेले गलबत सापडले तर जप्त होई, आणि तो असला तरी पोर्तुगीजांच्या ठाण्यावर थांबून जकात भरल्याशिवाय पुढे जाता येत नसे. येथे दार हेच सर्वस्व होते, कारण परवान्याचा हेतूच गलबताला एका विशिष्ट बंदराच्या जकातघरात ओढून आणण्याचा होता. पुढे कान्होजी आंग्र्यांनी कोकणच्या दर्यावर आपले दस्तक चालू केले, आणि इंग्रजांनी ते घेण्याचे नाकारले म्हणून उभयतांत वर्षानुवर्षे झगडे झाले. एकाचे दस्तक दुसऱ्याने आपले म्हणून मानावे, त्यासाठी स्वतःच्या नाक्यावरचा माणूस बांधून घ्यावा, ही कल्पना त्या काळी कोणाही दर्यासारंगाला वेडगळ वाटली असती. म्हणूनच मोझेलच्या पात्रातील त्या सह्यांचे मोल मला मोठे वाटते. एकमेकांशी दोन महायुद्धे लढलेल्या राष्ट्रांनी एकमेकांच्या शिक्क्यावर विश्वास ठेवण्याचे त्या दिवशी मान्य केले.

परंतु विश्वास जेथे असतो तेथे विश्वासघातालाही जागा असते, आणि या व्यवस्थेतील सारी कठोरता तेवढ्याच एका ठिकाणी एकवटलेली आहे. लुक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने १० एप्रिल २०१२ रोजी निकालात काढलेला एक खटला या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. व्हिएतनाममधील माणसांना जर्मनीत चोरून आणणाऱ्या एका टोळीने दोन युक्त्या योजल्या होत्या. काही माणसांना हंगेरीच्या वकिलातीतून पर्यटक म्हणून व्हिसे मिळवून द्यावयाचे, देखाव्यापुरते काही दिवस सहलीचा कार्यक्रम करावयाचा, आणि मग त्यांना ठरल्या मुलखात पोचवावयाचे. तर काहींना, उन्हाळ्यात रानातील फळे वेचण्याचे काम करावयाचे आहे असे भासवून, स्वीडनचे व्हिसे मिळवून द्यावयाचे आणि जर्मनीत आणावयाचे. व्हिसे खोटे नव्हते; त्यांवरचे शिक्के, सह्या, तारखा सारे अस्सल होते, आणि ते कोणी रद्दही केलेले नव्हते. तेव्हा अस्सल व जिवंत परवाना हाती असलेल्या माणसाला आत आणणे हा गुन्हा कसा, असा बचाव झाला. न्यायालयाने सांगितले की ज्या परवान्याचा पायाच खोट्या निवेदनावर आहे तो औपचारिक रीत्या रद्द झालेला नसला तरी, अशी माणसे आणणाऱ्यावर राष्ट्राने आपल्या कायद्यान्वये खटला चालविण्यास युरोपीय कायद्याची आडकाठी नाही. हंगेरीच्या परवान्यावर जर्मनीत येणे हे येथे पाप नव्हते. हंगेरी पाहावयाची आहे हे म्हणणेच मुळात खोटे होते, आणि दोष तेथे होता.

आपल्या माणसांपैकी कोणी अशा टोळ्यांच्या वाटेला जात नाही. पण त्याच चुकीची एक सौम्य आणि सभ्य दिसणारी आवृत्ती आपल्याकडे फार पसरली आहे, आणि तिच्याविषयी मी येथे थोडे विस्ताराने लिहिणार आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी मोठ्या देशांच्या व्हिसा केंद्रांत मुलाखतीची वेळ मिळत नाही. मग कोणी सांगतो, अमुक लहान देशाची वेळ शिल्लक आहे, त्याचा व्हिसा काढा, सगळीकडे चालतो. 'सगळीकडे चालतो' हे शब्द खरे. पण तो काढण्यासाठी त्या लहान देशातील दहा रात्रींचे हॉटेल आरक्षण अर्जाला जोडावयाचे, आणि व्हिसा हाती आला की ते रद्द करावयाचे, ही त्यामागची तजवीज खोटी.

कोल्हापूरच्या एका तरुण अभियंत्याने मला आपली हकीकत सांगितली. त्याचे नाव, देशाचे नाव, विमानतळाचे नाव मी येथे देत नाही. त्याने एका देशाचा व्हिसा घेतला आणि उतरला दुसऱ्यात, जेथे त्याचे मित्र होते आणि जेथून पुढे आणखी एका देशात जाऊन परतण्याचा बेत होता. ज्याने व्हिसा दिला त्या देशात त्याला एक दिवसही राहावयाचे नव्हते. खिडकीतील अंमलदाराने विचारले, "तिकडे कधी जाणार?" याने अर्जासोबत जोडलेले आरक्षण दाखविले. अंमलदाराने त्याच्यादेखत त्या हॉटेलला दूरध्वनी केला. त्यानंतरचे तीन तास एका बिनखिडकीच्या खोलीत गेले. शेवटी त्याच्यासमोर पारपत्र उघडले गेले, त्या सुंदर चिकटपट्टीवर शिक्का उमटला, आणि लेखणीने 'व्हिसा' या शब्दावर व त्या रंग पालटणाऱ्या खुणेवर काट मारली गेली. संहितेच्या चौतिसाव्या कलमात रद्दबातल करण्याची रीत नेमकी हीच सांगितली आहे. "दादा," तो मला म्हणाला, "मी चोरी केली नव्हती. फिरायलाच गेलो होतो, परत येणारच होतो." ते खरे होते, आणि त्याच्या मुद्रेवरचे ओशाळलेपण पाहवत नव्हते. पण आपण केलेल्या निवेदनातील कोणता शब्द खोटा होता, हे त्याला सल्ला देणाऱ्याने त्याच्यापासून लपविले होते, किंवा त्यालाही ते कळले नव्हते. सगळे एवढ्यावर थांबत नाही, कारण असा रद्दबातल झालेला परवाना युरोपच्या सामाईक व्हिसा-दप्तरात नोंदला जातो. बोटांच्या ठशांसह चालणारे हे दप्तर ऑक्टोबर २०११ पासून सुरू आहे, भारतातील अर्जदारांचे ठसे त्यात नोव्हेंबर २०१५ पासून घेतले जातात, आणि पुढच्या वेळी अर्ज कोणत्याही देशाकडे केला तरी कारकुनासमोर जुनी नोंद उघडते.

त्याच चौतिसाव्या कलमात एक दिलासाही आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. एखादा पुरावा प्रवाशाला वेशीवर दाखविता आला नाही, एवढ्याच कारणाने व्हिसा आपोआप रद्द करता येत नाही, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. कागद हरवणे आणि खोटे बोलणे यांत कायद्याने अंतर ठेवले आहे. शिवाय ज्याचा व्हिसा रद्द झाला त्याला दाद मागता येते, आणि ती ज्या देशाने निर्णय घेतला त्या देशात, तेथील कायद्याप्रमाणे मागावयाची. व्हिसा मिळाल्यानंतर बेत बदलणे हाही स्वतःहून अपराध नव्हे. आजारपण येते, लग्न पुढे ढकलले जाते, मुलीची बदली होते. बदलाचे कारण खरे असावे, सांगता यावे, आणि शक्य तर कागदाने दाखविता यावे.

व्हिसा हाती असणे म्हणजे प्रवेशाचा हक्क मिळणे नव्हे, ही गोष्ट मात्र मनात पक्की असली पाहिजे. वेशीवरचा अंमलदार पारपत्राची मुदत पाहतो, ते दहा वर्षांच्या आत दिलेले आहे ना आणि परतीच्या नियोजित तारखेनंतर निदान तीन महिने टिकते ना हे पाहतो, प्रयोजन विचारतो, निर्वाहाची सोय विचारतो. व्हिसासाठी घेतलेला निदान तीस हजार युरोंचा आरोग्यविमा, परतीचे तिकीट, हमीपत्र यांच्या प्रती म्हणूनच हातातील पिशवीत असाव्यात. सामानाच्या पेटीत घालून विमानाच्या पोटात पाठविलेले कागद खिडकीपाशी उपयोगी पडत नाहीत.

प्रवेशाच्या संख्येचा आकडा हा दाराहून अधिक घातक ठरतो, हेही मला या शोधात उमगले. पॅरिस, मग लंडन, मग ॲम्स्टरडॅम अशी सहल आपल्याकडे फार आवडीची. पण लंडन या वाड्याच्या बाहेर आहे, त्याचा व्हिसा वेगळा, आणि शेंगेनच्या पट्टीवर प्रवेशसंख्या 'एक' असेल तर पॅरिस सोडून लंडनला गेलेल्या माणसाचा शेंगेन व्हिसा त्याच क्षणी संपलेला असतो, मुदतीचे दिवस कितीही शिल्लक असोत. क्वचित असेही व्हिसे असतात जे एका किंवा मोजक्याच देशांपुरते मर्यादित केलेले असतात. त्यांवर 'शेंगेन राष्ट्रे' या शब्दांच्या जागी त्या त्या देशांची अक्षरे असतात, आणि तेथे मात्र दुसऱ्या दाराने शिरण्याचा विचारही करू नये. शिकावयास जाणाऱ्या मुलांचा दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा निराळा. परंतु त्यावरही, ५ एप्रिल २०१० पासून, दुसऱ्या शेंगेन देशातून मार्ग काढीत आपल्या देशी पोचता येते.

प्रश्न येथून पुढे वाढतच जाणार, कारण १८ एप्रिल २०२४ पासून भारतातील अर्जदारांना, तीन वर्षांत दोन व्हिसे मिळवून ते नियमाने वापरलेले असतील तर, दोन वर्षांचा आणि त्यानंतर पाच वर्षांचा अनेकप्रवेशी व्हिसा देण्याची तरतूद झाली आहे. पाच वर्षांत माणूस किती दारांनी ये-जा करील! आणि १२ ऑक्टोबर २०२५ पासून वेशीवरच्या शिक्क्यांची जागा टप्प्याटप्प्याने यंत्रातील नोंदी घेऊ लागल्या. कोण कोठून आत आला आणि कोठून बाहेर पडला, एकशेऐंशी दिवसांतले त्याचे नव्वद दिवस किती उरले, हे यंत्रच मोजणार.

साताऱ्याच्या ओसरीवर त्या संध्याकाळी आम्ही एका वहीत तीन रकाने आखले. हॉलंडात तेवीस दिवस, स्वित्झर्लंडात पाच, जर्मनीत कोलोनचे देऊळ पाहण्यासाठी दोन. प्रयोजन, नात. दिवसांनी पाहा की प्रयोजनाने पाहा, मुख्य स्थान हॉलंडच. "म्हणजे अर्ज बरोबर ठिकाणी केला," गुरुजी म्हणाले. आणि तिकीट? "तिकीट राहू दे." बाईंनी तेवढ्यात आत जाऊन चहाचे आधण ठेवले.

ज्येष्ठात ते गेले. फ्रँकफुर्टच्या खिडकीपाशी काय झाले ते मला नंतर बाईंनीच सांगितले, कारण गुरुजींना त्या वेळचे नीटसे आठवत नव्हते. अंमलदार तरुण मुलगी होती. तिने पट्टी पाहिली, यंत्रात घातली, आणि विचारले की व्हिसा हॉलंडचा आहे, तर इथे कसे? गुरुजींनी आठ दिवस पाठ केलेले इंग्रजी वाक्य ऐन वेळी गळ्यात अडकले. तेव्हा बाईंनी पिशवीतून वही काढली, मुलीच्या घरचा पत्ता लिहिलेले पान आणि युट्रेख्तच्या गाडीचे तिकीट तिच्यापुढे ठेवले, आणि "ग्रँडडॉटर" एवढा एकच शब्द उच्चारला. तिने तारखा पाहिल्या, परतीचे तिकीट ॲम्स्टरडॅमहून आहे हे पाहिले आणि शिक्का मारला. चौकोनी शिक्का, कोपऱ्यात ताऱ्यांच्या वर्तुळात जर्मनीचे 'डी' हे अक्षर, आत शिरणारा बाण आणि एक इवले विमान. समोरच्या पानावर डच भाषेतील पट्टी.

गाडीला सुमारे साडेतीन तास लागले. एमरिक गेल्यावर सीमा येते असे जावयाने सांगितले होते, म्हणून गुरुजी काचेला नाक लावून बसले. कुरणे होती, गाई होत्या, कालवे दिसू लागले. कमान नाही, फलक नाही. आर्नेमच्या फलाटावर पाट्यांचा रंग बदलला तेव्हा त्यांना कळले की हॉलंड केव्हाच लागले. पुढे कोलोनहून परतताना आणि जातानाही गाडीत पोलीस चढले होते. जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४ पासून सर्व भू-सीमांवर, आणि हॉलंडने त्याच वर्षीच्या ९ डिसेंबरपासून, तात्पुरत्या म्हणून पुन्हा सुरू केलेल्या तपासण्या आहेत त्या. पारपत्र पाहून ते पुढच्या डब्यात गेले.

श्रावणात मी पुन्हा साताऱ्यास गेलो. ओसरीवर माझ्याआधीच एक गृहस्थ येऊन बसले होते. मुलाकडे इटलीला जायचे होते त्यांना, आणि तिकीट झुरिकचे होते. त्यांनी आपली चिंता पुरती सांगण्याआधीच गुरुजींनी सुपारीचे तबक बाजूला सारले, उशाची वही पुढे ओढली आणि चष्मा पुसत विचारले, "उतरण्याचं मग बघू. आधी सांगा, मुक्काम कुठं आणि किती दिवस?"